अण्णा गोड बोलले तो महिना

"या मारुतीराव, बसा."

अण्णा हुक्केरी असं म्हणाले आणि दुसरे कुणी मारुतीराव आलेत का म्हणून मी मागं वळून बघितलं. आठ वर्षं मी त्यांच्या ड्रेपरीत, म्हणजे नाटकांचे कपडे भाड्यानं देण्याच्या दुकानात, काम करत होतो. त्या आठ वर्षांत त्यांनी मला मारत्या म्हटलं होतं, गाढवा म्हटलं होतं, माझ्या वाडवडिलांचा उद्धार केला होता. पण 'बसा' कधी म्हटलं नव्हतं. आणि दुकानात बसायला होतं तरी काय? एक सिंहासन, तेही भाड्यानं द्यायचं. अण्णांनी मला त्या सिंहासनावर बसवलं.

"हौसाक्का, मारुतीरावांना च्या सांगा. आलं घालून."

हौसाक्का म्हणजे आमच्याकडची शिवण-उसवण आणि इस्त्री बघणारी बाई. तिनंही आयुष्यात मला कधी चहा विचारला नव्हता. ती धावत गेली. कोपऱ्यात दस्तगीरमामा राक्षसाच्या मिशा विंचरत होते. रंगरंगोटी आणि केसांचे टोप हे त्यांचं खातं. ते माझ्याकडं बघून असे गोड हसले की मला वाटलं, आता हे मला नजर लागू नये म्हणून तीट लावतात.

गडहिंग्लजच्या बाजारपेठेत आमचं दुकान होतं. आसपासच्या शाळांची गॅदरिंगं, गणपतीतली नाटकं, मिरवणुकांतले देखावे, सगळ्यांचे कपडे आमच्याकडून जायचे. राजा, प्रधान, भालदार, गवळणी, वाघ, फ्लॉवर, टोमॅटो, जे मागाल ते मिळायचं. त्या वर्षी पावसाळ्यात माझी झोप गेली. आधी झोप गेली, मग भूक गेली, आणि मग मातीच्या मुंडक्यांवर चढवून ठेवलेले टोप माझ्याबद्दल आपसांत कुजबुजतात असं मला वाटायला लागलं. एके दिवशी भर दुकानात मी द्रौपदीच्या टोपाशी कडाकडा भांडलो, तेव्हा मामांनी मला रिक्षात घालून घरी पोचवलं. पुढं मिरजेच्या दवाखान्यात अडीच महिने काढले. गोळ्या लागू पडल्या, टोप गप्प झाले. एवढंच राहिलं की समोर दिसतंय ते खरंच आहे ना, हे मी मनातल्या मनात पुन्हापुन्हा तपासून बघायचो.

बऱ्या झालेल्या माणसांना परत कामाला लावायचं काम दवाखान्यातल्या देवस्थळी मॅडम करायच्या. त्या स्वतः एसटीनं गडहिंग्लजला आल्या, अण्णांना भेटल्या. अण्णा म्हणाले, महिनाभर बघतो, मग सांगतो. त्या महिन्याचा पहिला दिवस म्हणजे हा सिंहासनाचा. त्या महिन्यावर माझं सगळं अवलंबून होतं. घरी माझी बायको शालन शिवणकामावर कसंबसं रेटत होती, आणि 'मिरजेला जाऊन आलेला' अशी माझी ख्याती झाल्यामुळं गावात दुसरं कुणी मला दारात उभं करणार नव्हतं.

आता 'बसा' ऐकून मी का घाबरलो ते सांगतो. अण्णा हुक्केरी गोड बोलायचे ते फक्त दोन जातींच्या माणसांशी. एक गिऱ्हाईक, आणि दुसरा, ज्याला कामावरून काढायचं ठरलंय तो. आमच्याकडं पूर्वी रंगनाथ म्हणून एक जण होता. अण्णा त्याला एका सकाळी "रंगनाथपंत" म्हणाले आणि संध्याकाळी त्याचा हिशेब झाला.

त्या दिवशी घरी गेलो तर शालन दारातच उभी होती.

"काय म्हणाले मालक?"

"मारुतीराव म्हणाले."

तिचा चेहरा पडला. "आनि?"

"सिंहासनावर बसवलं."

"अगं बाई," म्हणून ती खालीच बसली.

पुढचे दिवस फार वाईट गेले. मॅडमनी अण्णांना तीनच गोष्टी सांगितल्या होत्या: आजारावरून चेष्टा करू नका, सुरुवातीला हलकं काम द्या, चांगलं केलं तर चांगलं म्हणा. मॅडमनी चमचाभर सांगितलं, यांनी पातेलंभर ओतलं. मी एका धोतराची घडी घातली तर मामा ती हातात धरून प्रकाशात बघत.

"काय घडी हाय, काय घडी. हौसाक्का, बगा तरी."

"बगितली की. आशी घडी आमच्या माहेरात बी कुणी घालत न्हाई."

एकदा त्यांनी ती घडी गिऱ्हाइकालासुद्धा दाखवली. गिऱ्हाईक वाघाचा ड्रेस न्यायला आलं होतं. ते बिचारं मान डोलवून गेलं.

कामही मला देत नसत. मी पेटी उचलायला वाकलो की दोघं धावत यायचे. मी शिडीला हात लावला की हौसाक्का देवाचं नाव घ्यायची. बोलता बोलता तिच्या तोंडात 'येड' एवढं यायचं आणि ती जीभ चावून "येडशीला माझी बहीण असती" असं काहीतरी जुळवायची. येडशी कुठं आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि तिला बहीणही नव्हती. मला वाटायचं, हिलाच एकदा मिरजेला दाखवून आणावं.

अण्णांचं तर बघवत नव्हतं. एकदा मी गवळणींच्या गाठोड्यात चुकून राक्षसाच्या मिशा बांधल्या. गवळणी मिशांसकट एका मराठी शाळेत जाऊन आल्या. पूर्वी एवढ्यावर अण्णांनी दुकानाचं छप्पर उडवलं असतं. त्या दिवशी ते माझ्यासमोर उभे राहिले, लाल झाले, त्यांच्या मानेची शीर टरारली, आणि ते म्हणाले, "काही हरकत न्हाई, मारुतीराव. माणूस हाय, चुकतंय." मग झपझप मागच्या गोदामात गेले.

गोदामात एक कापडी हत्ती होता. आत दोन माणसं शिरून चालवायचा. मी दाराच्या फटीतून बघितलं. अण्णा हत्तीसमोर कमरेवर हात ठेवून उभे होते.

"मुडद्या, डोळं हायत का बटणं? गवळणीला मिशा? तुझ्या बानं बगितली हुती का मिशांची गवळण? अकलेच्या कांद्या, पुन्ना आसं केलंस तर सोंड पिरगाळून हातात दीन."

सोंड सोडली तर प्रत्येक शब्द माझ्या वाट्याचा होता. खरं सांगतो, मला त्या हत्तीचा हेवा वाटला. त्याला शिव्या मिळत होत्या म्हणजे त्याची नोकरी पक्की होती.

महिना संपायला दोन दिवस उरले असताना नांगरवाडीच्या हायस्कूलचं गॅदरिंग आलं. तिथं आमच्या दुकानाचा मान असायचा. प्रमुख पाहुण्याला भर स्टेजवर फेटा बांधायचा, आणि तो बांधायचा आमच्या दुकानातल्या माणसानं. आमच्या दुकानात फेटा बांधता यायचा फक्त मला. मामांनी एकदा बांधला होता, तो पाहुण्यांच्या डोळ्यांवर येऊन पाहुणे दीपप्रज्वलन करताना समईऐवजी हारवाल्याला पेटवणार होते. तेव्हा अण्णांना मला पाठवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मला वाटलं, झालं तर यातच होईल. हा फेटा नीट बसला तर मी दुकानात राहिलो.

आमच्याकडच्या सगळ्या पेट्या एकाच पत्रेवाल्याकडून केलेल्या, सगळ्या निळ्या, सगळ्या एका मापाच्या. त्यांच्यावर नाव नाही, खूण नाही. कारण अण्णांचा कायदा होता: पेटी जिथं तिथंच. जो पेटीची जागा बदलील त्यानं महिनाभर सगळ्यांना चहा पाजायचा. हंगामात पेटी उघडून बघायला कुणाला वेळ नसायचा. जागेवरून उचलायची आणि टेम्पोत टाकायची. फेट्यांची पेटी वरच्या फळीवर, डावीकडून तिसरी. मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

बाहेर टेम्पो भोंगा वाजवत होता, मामा पुढं जाऊन बसले होते, अण्णा बँकेत गेले होते. मी शिडी लावून डावीकडून तिसरी पेटी काढली. हौसाक्का इस्त्री हातात धरून माझ्याकडं बघत राहिली.

"मारुती, ती पेटी नको."

"का?"

"नको म्हंजे... दुसरी घे की."

"दुसरी कुठली?"

तिनं जीभ चावली. तिनं गावदेव काळभैरीच्या देवळाच्या दिशेनं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "जड आसंल."

"असू दे अक्का. कापड तर आहे आत."

"बग बाबा," ती म्हणाली, आणि तेवढ्यात इस्त्रीखाली प्रधानजीचा अंगरखा जळायला लागला म्हणून ती तिकडं वळली.

नांगरवाडीत मैदानभर पोरं बसली होती. आयाबाया लेकरं घेऊन आल्या होत्या. प्रमुख पाहुणे होते देसाईनाना, दूध संघाचे माजी अध्यक्ष. सत्तरी उलटलेला, पांढऱ्या मिशांचा, अंगानं आडवा माणूस. मुख्याध्यापक कुंभार सरांनी माइकवर सांगितलं, "आता पाहुण्यांना मानाचा फेटा बांधण्यात येईल." ढोल वाजला. मी पेटी स्टेजच्या मधोमध ठेवली, नानांना नमस्कार केला आणि झाकण उघडलं.

आत वेड्याचा ड्रेस होता.

हा ड्रेस आमच्या दुकानातला सर्वांत जास्त खपणारा. आमच्या भागातल्या प्रत्येक शाळेच्या नाटकात एक वेडा असतो, आणि शेवटच्या अंकात तो सीआयडी निघतो. काळा फाटका कोट, त्याला डब्यांची झाकणं, चमचे आणि शिट्ट्या टाचलेल्या, आणि वर कोंबडीची पिसं खोचलेलं एक पातेलं. त्याची पेटी कायम माझ्या स्टुलाशेजारी असायची. ती वरच्या फळीवर कशी असेल? मी कोट उचलला, झाकणं खणखणली. पहिल्या रांगेतली पोरं माना उंचावून बघायला लागली.

मला वाटलं, परत आलं. आधी ऐकू यायचं, आता दिसायला लागलं. पेटीत फेटा आहे आणि मला कोट दिसतोय. मी मामांकडं बघितलं.

"मामा, हे काय आहे?"

मामांचा चेहरा अक्कलदाढ काढायला बसलेल्या माणसासारखा झाला होता. त्यांनी कोटाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि अत्यंत मायेनं म्हणाले, "बरोबर हाय मारुती. हेच आणायचं हुतं."

"फेटा आणायचा होता ना?"

"हेच त्ये. छान आणलंयस."

यापेक्षा त्यांनी माझ्या थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. तेवढ्यात कुंभार सर पुढं आले. "अहो, हे काय? सत्काराला?"

मामांनी आयुष्यात कधी माइक धरला नव्हता. त्या दिवशी धरला. "तर मंडळी, यंदापास्नं पाहुण्यांचा सत्कार... नव्या पद्धतीनं... करायचा आसं ठरलंय."

"कुणी ठरवलंय?" सरांनी हळूच विचारलं.

"वरनं आलंय," मामा म्हणाले.

'वरनं' म्हटल्यावर कुंभार सर तीस वर्षांच्या सवयीनं सरळ उभे राहिले. आपल्या वाचनातून एखादं परिपत्रक सुटलं असावं अशी भीती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसली. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सर वाजवतात म्हणून शिक्षकांनी वाजवल्या, शिक्षक वाजवतात म्हणून पोरांनी. त्या टाळ्यांत मामांनी देसाईनानांना कोट चढवला आणि डोक्यावर पातेलं ठेवलं. नानांनी सवयीनं हात जोडले. इतक्या वर्षांत त्यांनी इतक्या शाली पांघरल्या होत्या की अंगावर काय पडतंय याची त्यांना फिकीर उरली नसावी.

सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. कुणीही हसत नव्हतं, कारण सर गंभीर होते. एवढी माणसं समोर, कुणालाच वावगं दिसत नाही, म्हणजे खोट माझ्यातच. शालन डोळ्यांसमोर आली. मी नानांच्या पायाशी वाकून पेटी लावायचं नाटक केलं आणि कानाशी जाऊन विचारलं, "नाना, एक विचारू? तुमच्या अंगावर काय आहे?"

नानांनी माझ्याकडं बघितलं. "येड्याचा ड्रेस हाय की. तुला दिसंना काय?"

"दिसतंय. म्हणूनच विचारलं."

"आमचं थोरलं पोरगं सातवीत आसताना ह्योच कोट घातलावता. शेवटी सीआयडी निघालं. चुकलास न्हवं पेटी आणायला?"

"व्हय नाना. चुकलो."

"मग चुकलोय म्हनायचं आनि मोकळं व्हायाचं. थरथरालास किती."

महिनाभरात माझ्याशी सरळ बोललेला तो पहिला माणूस. मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्या पाया पडलो. तोही नव्या पद्धतीचा भाग समजून सरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मग नाना भाषणाला उठले. हात उंचावला की झाकणं वाजत, टेबलावर मूठ आपटली की शिट्ट्या हलत, आणि "विद्यार्थी मित्रांनो" म्हणून मान झुकवली तेव्हा पातेलं घरंगळत पहिल्या रांगेत गेलं. आता मात्र पोरं फुटली. आयाबाया पदर तोंडात धरून लोळल्या. नाना स्वतःही हसायला लागले. नानांचं भाषण शेवटपर्यंत ऐकलं गेल्याची ती पंचक्रोशीतली पहिलीच वेळ, असं नंतर लोक सांगत.

परतीच्या टेम्पोत मी मामांना विचारलं, "पेटी कुणी हलवली?"

"कुटली पेटी?" मामा म्हणाले. "लई छान झालं आज."

महिना संपला त्या दिवशी देवस्थळी मॅडम आल्या. अण्णांनी त्यांना सिंहासनावर बसवलं. मी समोर उभा होतो, हौसाक्का आणि मामा भिंतीला लागून.

"मग अण्णा, काय ठरलं?" मॅडमनी विचारलं.

"मारुतीराव फार गुणी माणूस," अण्णा साखरेत घोळल्यासारखं बोलले. त्यांचे डोळे सुजलेले दिसत होते. "त्यांच्या कामाला तोड न्हाई. पर मला वाटतं, त्यांनी घरी जरा विश्रांती घ्यावी. चार-सहा म्हैने. आमचं दुकान म्हंजे दगदग."

रंगनाथपंतांनाही हेच सांगितलं होतं. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो संताप. आठ वर्षांत मी त्या दुकानात आवाज चढवला नव्हता.

"जातो मी," मी म्हणालो. "पण आधी सांगा, वेड्याची पेटी कुणी हलवली?"

तो शब्द दुकानात पडला आणि तिघंही दचकले. मामांनी तर कानाला हात लावले.

"वेड्याची," मी पुन्हा म्हणालो. "माझ्या स्टुलाशेजारची. ती वरच्या फळीवर कुणी नेली?"

"मी," हौसाक्का पुटपुटली. "तुला रोज दिसाया नको म्हनून. फेट्याची खाली ठेवली, ती वर. मालकांनीच सांगितलं. तो शबुद दुकानात काढायचा न्हाई, पेटी हलवल्याचं बी तुला कळू द्यायचं न्हाई म्हनून काळभैरीची आण घातलीवती. मग तुला सांगू कसं?"

"आणि मामा, तुम्ही?"

"तुला चुकलं म्हनायचं न्हाई, आशी बी आण हुती," मामा म्हणाले.

"अहो, मला वाटलं मला परत भास व्हायला लागले. अख्खं मैदान टाळ्या वाजवतंय आणि तुम्ही म्हणताय फेटाच आहे. मिरजेला जाऊन आलो मी, आणि येड लागलंय तुम्हाला." मग मी अण्णांकडं वळलो. "पेटी जिथं तिथं, हा कायदा कुणाचा? काढा महिन्याचा चहा. हे दुकान आहे का येड्यांचा बाजार? दुकान चालवायची अक्कल नाही ती नाही, वर मला घरी बसवताय?"

अण्णांच्या मानेची शीर टरारली. ते लाल झाले. त्यांनी गोदामाकडं बघितलं; पण हत्ती त्या दिवशी मिरवणुकीला गेला होता.

"मारत्या," ते म्हणाले.

मी एक पाऊल पुढं सरकलो.

"मारत्या, भाड्या, माझ्या दुकानात हुबा ऱ्हाऊन माझी अक्कल काडतोस? म्हैनाभर तोंड दाबून बसलोय, डोकं फुटायची पाळी आली, डाक्टर म्हनाला बीपी वाढलंय, रातीची झोप न्हाई. तुला काय कामात खोट हाय म्हनून काडालो व्हय मी? मला गोड बोलवंना म्हनून काडालोय, मुडद्या. आणखी चार दिस गोड बोललो तर माझी तिरडी बांधावी लागंल."

यापुढचं इथं लिहिता येणार नाही. अण्णांनी माझ्यापासून सुरुवात केली, वडिलांकडून आजोबांकडं गेले, मग मिशांच्या गवळणींवर आले, आणि महिन्यातली एकेक चूक काढून त्या त्या चुकीच्या शिव्या व्याजासकट दिल्या. रस्त्यावर माणसं थांबली. हौसाक्कानं अर्धं शटर ओढलं. मॅडम घाबरून सिंहासनावरून उठायला लागल्या, तेव्हा मी त्यांना हातानंच बसा म्हणालो. शाल-श्रीफळ घ्यायला उभं राहतात तसा मी हात जोडून उभा होतो, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

अण्णांना दम लागला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "अहो, यांना काय हवंय ते तुम्ही कुणी यांनाच का नाही विचारलंत?"

अण्णांनी उपरण्यानं तोंड पुसलं. त्यांचा चेहरा महिन्यात पहिल्यांदा माणसासारखा दिसत होता.

"हुबा काय ऱ्हायलास, मारत्या? ती पेटी आण खाली," ते म्हणाले. "आनि पुन्ना सांगून ठेवतो, माझ्या कायद्याला हात लावायचा न्हाई."

मी संध्याकाळी घरी गेलो. शालन दारातच होती. मी तिला सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. ती ऐकत गेली, मध्येच म्हणाली, "आज्यावरनं बी?" मी म्हणालो, आजोबांवरूनही. तशी तिनं चपला घातल्या आणि मला ओढत कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर नेलं. तिच्या आईच्या शेजाऱ्यांकडं फोन होता. आईला बोलावून आणेपर्यंत मीटर पळत होतं, पण शालननं तिकडं बघितलं नाही.

"आई," ती ओरडली, "ह्यांना आज मालकांनी समद्या बाजारादेखत शिव्या दिल्या. आईबापावरनं दिल्या."

मग फोनमधून सासूबाईंचा आवाज मला बाहेर उभ्या-उभ्या ऐकू आला. त्या रडत होत्या.

"देव पावला गं बाई," त्या म्हणाल्या. "देवापुढं साखर ठेव."